पापाच्या आधीचे मरण

माणसावर दुःख कोसळले की "हे का?" या प्रश्नाच्या पाठोपाठ "काय पाप केले होते?" हा प्रश्न येतोच. कधी तो शेजारीपाजारी विचारतात, कधी रोगी स्वतःलाच विचारतो. जगातल्या मोठ्या धर्मपरंपरांनी या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले आहे. कोणी आदिमानवाच्या अवज्ञेकडे बोट दाखवले, कोणी मागच्या जन्माकडे. दोन्ही उत्तरांचा गाभा एकच: दुःख ही शिक्षा आहे, आणि शिक्षा आहे त्या अर्थी कुठेतरी अपराध असलाच पाहिजे. या गाभ्याला जमिनीतून निघालेला एक पुरावा आडवा येतो. तो दोनशे वर्षांपासून आपल्यासमोर आहे, पण त्याचा धार्मिक अर्थ आपण अजून नीट लावलेला नाही असे मला वाटते. हा पुरावा ज्यांनी प्रथम हातात धरला त्यांच्यात एक गावडॉक्टर होता. दुःख ज्याच्या रोजच्या कामाचा भाग होते अशा माणसाच्या हाती तो लागला, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

गिडियन मँटेलचा जन्म १७९० साली इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात, ल्यूइस या गावी झाला. वडील जोडे शिवण्याचा धंदा करीत. ते मेथडिस्ट पंथाचे असल्याने अँग्लिकनांसाठी राखलेल्या गावच्या शाळांत मुलाला प्रवेश नव्हता. पंधराव्या वर्षी तो गावातल्या एका सर्जनकडे उमेदवारीला राहिला, पुढे लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकला आणि १८११ साली सर्जनची सनद घेऊन ल्यूइसला परतला. त्या भागात देवी आणि विषमज्वर यांच्या साथी येत. कधीकधी दिवसाला पन्नासच्या वर रोगी तपासावे लागत आणि वर्षाकाठी दोन-तीनशे बाळंतपणे होत. त्यातून उरलेला वेळ, म्हणजे बहुधा रात्रीचा, तो दगडांना देई. आसपासच्या खडूच्या डोंगरांतून आणि ककफील्डजवळच्या खाणीतून मजूर त्याला हाडांचे आणि शिंपल्यांचे तुकडे आणून देत. १८२२ साली त्याने साउथ डाउन्सच्या जीवाश्मांवर मोठा ग्रंथ काढला. त्यातली चित्रे त्याची पत्नी मेरी अॅन हिच्या हातची होती. भूस्तर आणि बायबलातली सृष्टिकथा यांचा मेळ घालणारा एका धर्मोपदेशकाचा लेखही ग्रंथाच्या आरंभी घातला होता. मेळ घालण्याची गरज तेव्हाच जाणवू लागली होती, हे यावरून दिसते.

त्या खाणीतून निघालेल्या दातांनी मँटेलला सर्वांत जास्त छळले. दात मोठा, तपकिरी, कडेला बारीक करवतीसारखे दाते असलेला, पण माथा चावून चावून तिरका झिजलेला. अशी झीज घास रवंथ केल्यासारखा दळणाऱ्या वनस्पतिभक्षकाच्या दाताची असते, आणि तो खडक तर इतका जुना की त्यात मोठा सस्तन प्राणी सापडण्याची शक्यता नव्हती. पॅरिसच्या जॉर्ज क्युविएने आधी तो गेंड्याचा दात ठरवला. पुढे त्याने आपले मत मागे घेतले आणि हा एखादा वनस्पती खाणारा सरपटणारा प्राणी असावा असे सुचवले. लंडनमध्ये सर्जनांच्या कॉलेजच्या हंटर संग्रहालयात सॅम्युएल स्टचबरीने मँटेलला इग्वाना या सरड्याचे दात दाखवले. आकार सोडला तर जुळणी पक्की होती. १८२५ साली रॉयल सोसायटीपुढे 'इग्वानोडॉन' हे नाव जाहीर झाले. आज आपण तो खडक तेरा-चौदा कोटी वर्षांपूर्वीचा मानतो. मँटेलकडे असा आकडा नव्हता, पण थरांच्या क्रमावरून त्याला एवढे कळत होते की या प्राण्याच्या काळी माणूस नव्हता. आणि ज्या खडकात हा झिजका दात होता, त्याच खडकात पात्यासारखे धारदार, मांस फाडणारे मेगॅलोसॉरसचे दातही होते. माणूस नसलेल्या त्या जगात कोणीतरी कोणाला तरी खात होते.

त्या काळच्या ख्रिस्ती वाचकाला यातली अडचण लगेच लक्षात येई. इंग्रजी बायबलच्या समासात जगाच्या उत्पत्तीचे साल इसवी सनपूर्व ४००४ छापलेले असे. ते गैरसोयीचे होते, पण निर्णायक नव्हते, कारण सृष्टीच्या सहा दिवसांची सहा युगे करून घेता येत होती आणि पुष्कळ श्रद्धावंतांनी तसे केलेही. खरी अडचण मरणाची होती. उत्पत्तीच्या पुस्तकात सर्व पशूंना खायला हिरवा पाला नेमून दिला आहे. संत पौलाच्या पत्रात एका माणसामुळे पाप जगात आले आणि पापामुळे मरण, असा क्रम आहे. आता खाणीत क्रम उलटा दिसू लागला: आधी मरण, मग कितीतरी काळ मरणच, आणि सर्वांत शेवटी माणूस. शिक्षा आधी आणि अपराध नंतर हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

यावर एक उत्तर फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५७ साली दिले. ईश्वराने जग निर्माण केले तेव्हाच ते जुने भासेल असे केले, झाडात वर्तुळे आणि खडकात हाडे घालूनच, असे त्याचे म्हणणे होते. हे मत खोडता येत नाही, कारण कोणताही पुरावा त्याच्या पोटात मावतो. पण ते श्रद्धेला फार महाग पडते. न जगलेल्या प्राण्याचा चावून झिजलेला दात खडकात ठेवणारा ईश्वर साक्षीत फेरफार करणारा ठरतो, आणि अशा ईश्वराच्या इतर वचनांवर तरी विश्वास का ठेवावा? दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक होते. ऑक्सफर्डचा भूवैज्ञानिक आणि धर्मगुरू विल्यम बकलँड याने १८३९ साली याच विषयावर प्रवचन दिले. आदमच्या पतनानंतर झालेली मरणाची शिक्षा फक्त माणसासाठी होती, पशूंचे मरण त्यापूर्वीही होते आणि ते सृष्टीच्या योजनेचाच भाग आहे, असे त्याने मांडले. त्याआधी १८३६ च्या ग्रंथात त्याने असेही म्हटले होते की हिंस्र पशू भक्ष्याला झटकन मारतात, त्यामुळे उपासमारीचे आणि म्हातारपणाचे लांबलेले हाल वाचतात. ही योजना दयाळू आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण बकलँडने मान्य केलेली गोष्ट फार मोठी आहे. निरपराध जीवाला वेदना होऊ शकतात आणि त्या शिक्षा नसतात, हे त्याने कबूल केले. एकदा हे दार उघडले की माणसाच्या वेदनेपुरते ते पुन्हा बंद करायला वेगळे कारण द्यावे लागते.

ते कारण दोन प्रकारचे असू शकते. पशूंना खरी वेदना नसतेच, असे म्हणावे. किंवा माणसाची वेदना जातीनेच निराळी, असे म्हणावे. पहिले म्हणणे देकार्तच्या नावाने ओळखले जाते, पण शरीर उघडून पाहिलेल्या डॉक्टरला ते पटणे कठीण आहे. तीच मज्जा, तेच रक्त, तीच सूज. दुसऱ्याचे उत्तर कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात सापडलेल्या एका हाडाने दिले आहे. सेंट्रोसॉरस या शिंगवाल्या, शाकाहारी डायनासोरचे ते पोटरीचे हाड. वय सुमारे सात कोटी साठ लाख वर्षे. १९८९ साली ते सापडले तेव्हा त्याचे वेडेवाकडे फुगलेले टोक मोडून जुळल्यासारखे दिसले. पुढे जीवाश्मतज्ज्ञांनी डॉक्टरांना सोबत घेतले, हाडाचे सीटी स्कॅन केले, त्याच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि कर्करोग झालेल्या माणसाच्या त्याच हाडाशी ते ताडून पाहिले. २०२० साली निदान प्रसिद्ध झाले: हाडाचा कर्करोग, ऑस्टिओसार्कोमा. माणसांत हा रोग मुख्यतः वाढत्या वयाच्या मुलामुलींना होतो, आणि बहुधा पायाच्या लांब हाडात. पोराच्या पायाला तो झाला की घरात पाप-पुण्याचा, नवसाचा, कोणाच्या तळतळाटाचा विषय निघतो. तीच गाठ, तशाच हाडात, मनुष्यजातच नसताना एका चरणाऱ्या जनावराला झाली होती. आता एकच रोग त्या जनावरात नुसता रोग आणि मुलात मात्र निवाडा, असे म्हणायचे असेल तर रोगाखेरीज आणखी काही दाखवावे लागेल. "साधन नैसर्गिक असेल, पण हेतू नैतिक आहे" असे म्हणता येते, आणि कोणी तसे म्हणतही असेल. पण मग तो हेतू दाखवणारा स्वतंत्र पुरावा हवा, आणि आजवर तो 'रोग झाला म्हणजे पाप असणारच' याच वाक्यातून काढला गेला आहे.

इथे मराठी वाचक म्हणेल की ही सगळी ख्रिस्त्यांची अडचण आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाचा एक दिवसच ४३२ कोटी वर्षांचा, पृथ्वीचे वय त्याच्या जवळपासच येते, आणि चौऱ्यांशी लक्ष योनी तर आपण कधीच मानल्या आहेत. इतकेच काय, मँटेलला लहानपणी नदीकाठी सापडलेला पहिला जीवाश्म ज्या जातीचा होता त्या अमोनाइटाची आपण घरोघर पूजा करतो. गंडकीतून येणारा शाळिग्राम म्हणजे ज्युरासिक काळातल्या समुद्रातला अमोनाइट. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून तो बसतो. ही आपुलकी सुंदर आहे, आणि काळाच्या अफाटपणाची भीती आपल्या परंपरेला नव्हती हेही खरेच. पण काळ मोठा मानला म्हणून खडकातला पुरावा पचला असे होत नाही. पुराणांचा काळ माणसांनी भरलेला आहे. प्रत्येक मन्वंतराला मनू आहे, ऋषी आहेत, यज्ञ आहेत, धर्म आणि अधर्म आहेत. खडकांचा काळ तसा नाही. आपली मनुष्यजात सुमारे तीन लाख वर्षांची, तर सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या रूपाने वाहत होता तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याच्या शिवारात ज्यांची हाडे मिळतात ते डायनासोर त्याच सुमाराचे. त्या काळाला मनू नव्हता. शाळिग्रामाचा जीव मेला तेव्हा पाप करणारा किंवा पुण्य करणारा कोणीच पृथ्वीवर नव्हता. काही अमोनाइटांच्या शंखावर तर शत्रूने चावून तोडलेली कड नंतर भरून आल्याची खूण स्पष्ट दिसते.

कर्मसिद्धांताला हा प्रश्न नवा नाही, याची नोंद आदराने करायला हवी. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप घेतला आहे की जगात इतकी विषमता आणि इतके क्रौर्य असताना ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय. उत्तर असे की सृष्टी जीवांच्या कर्मांनुसार होते. आद्य शंकराचार्य भाष्यात पावसाचा दृष्टांत देतात: पाऊस सर्वांवर सारखाच पडतो, पीक बियाण्यासारखे येते. मग पुढचा आक्षेप येतो: पहिल्या सृष्टीच्या आधी कर्म कुठून आले? त्यावर सूत्रकार म्हणतात, संसार अनादी आहे, पहिली सृष्टी अशी नाहीच. ही मांडणी तर्काच्या दृष्टीने गॉसपेक्षा फार वरच्या दर्जाची आहे. तिच्यात ईश्वर खोटी साक्ष उभी करत नाही. तरी दोन अडचणी उरतात. पशुयोनी ही भोगयोनी आहे, नवे कर्म माणूसच जोडतो असे परंपरा मानते. मग माणूस नसलेल्या कोट्यवधी वर्षांत इथे जे भोगले गेले त्याचे कर्म दुसऱ्या कल्पात, दुसऱ्या लोकात ठेवावे लागते, म्हणजे जिथे कोणाचीच साक्ष पोहोचत नाही अशा ठिकाणी. ते अशक्य आहे असे मी म्हणत नाही. पण ज्याची साक्ष मिळूच शकत नाही असे कारण समोरच्या रोग्याच्या बाबतीत आरोप म्हणून वापरण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

आणि ते आरोप म्हणून वापरले गेले आहे. ही दुसरी अडचण मला पहिलीपेक्षा गंभीर वाटते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पापाने कोणता रोग येतो याची यादी आहे: ब्रह्महत्येने क्षय, सुरापानाने काळे दात, गुरुपत्नीगमनाने त्वचेचा रोग. कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढताना या समजुतीने लोकांचे मन हलके केले. १८७३ साली नॉर्वेत हॅन्सनने कुष्ठाचा जंतू दाखवल्यावरही ती समजूत टिकली, आणि अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांना तपोवन उभारताना रोगाइतकेच तिच्याशी लढावे लागले. ख्रिस्ती देशही यात मागे नव्हते. मँटेल ल्यूइसला प्रॅक्टिस करत असतानाच इंग्लंडात पटकी शिरली आणि २१ मार्च १८३२ हा दिवस राष्ट्रीय उपवासाचा आणि पश्चात्तापाचा म्हणून पाळला गेला. पटकीचा संबंध दूषित पाण्याशी आहे हे जॉन स्नोने लंडनच्या एका पंपावरून दाखवले ते १८५४ साली. पश्चात्ताप वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. पण त्या उपवासाने गटार साफ झाले नाही आणि मेलेल्या गरिबांच्या माथी मात्र पाप लागले.

यातला सर्वांत अवघड दाखला आपल्या देशातला आणि आपल्याला वंदनीय असलेल्या माणसाचा आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांनी त्याचा जाहीर निषेध केला, आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापून त्याला उत्तरही दिले. गांधीजींचा हेतू निर्मळ होता आणि ज्या पापाकडे त्यांनी बोट दाखवले ते पाप खरे होते. तरी माझ्या मते या वादात रवींद्रनाथ बरोबर होते. भूकंपात अस्पृश्यता पाळणारे मेले तसे तिचे बळीही मेले, आणि त्यांच्या झोपड्या अधिक सहज पडल्या असतील. चांगल्या कामासाठी वापरला तरी हा तर्क निरपराधाला शिक्षा झाल्याचे समर्थन करतोच. शिवाय तोच तर्क सनातन्यांना उलटा फिरवता येत होता.

तर मग धर्म सोडून द्यायचा का? मला तसे वाटत नाही, कारण शिक्षेच्या या तर्काविरुद्धचे सर्वांत बळकट आवाज धर्मपरंपरांच्या आतूनच उठले आहेत. बायबलमधल्या ईयोबावर आपत्ती कोसळतात आणि त्याचे मित्र त्याला सांगत राहतात की तू पाप केले असशीलच. शेवटी देव बोलतो तेव्हा तो ईयोबाचा एकही अपराध सांगत नाही. तो त्याला रानगाढव, शहामृग, बेहेमोथ, लिव्याथान असे माणसाच्या उपयोगाबाहेरचे प्राणी दाखवतो, आणि मित्रांनाच दोषी ठरवतो. बौद्ध संयुत्तनिकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो की माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्माने असते, असे म्हणणाऱ्यांचे काय? बुद्ध पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुबदल, विषम राहणी आणि आघात अशी कारणे सांगतो, कर्माला आठवे स्थान देतो, आणि सगळे कर्मानेच होते म्हणणारे अनुभवाच्या पलीकडे जातात असे स्पष्ट बजावतो. डॉ. आंबेडकरांनी तर पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत दरिद्री आणि दलितांना त्यांच्या स्थितीचे दोषी ठरवतो म्हणून तो बुद्धाचा असूच शकत नाही अशी भूमिका घेतली. आपल्याला दुसरा धर्म शोधायची गरज नाही, आपल्याच धर्मातले हे आवाज अधिक गांभीर्याने ऐकले तरी पुरे आहे.

दुसऱ्या टोकाकडून एक आक्षेप येतो. इतक्या प्रचंड काळात संपूर्ण जातीच्या जाती नाहीशा झाल्या असतील तर एका रोग्याच्या उशाशी रात्र काढण्याला काय अर्थ? या आक्षेपात किंमत आणि टिकाऊपणा एकच मानले आहेत. वेदनेची तीव्रता ती ज्या काळात घडते त्याच्या लांबीने भागून कमी होत नाही. तेरा कोटी वर्षांच्या हिशेबात एक बाळंतपण क्षुल्लक वाटेल, पण अडलेल्या बाईला तो हिशेब लागू नाही. मँटेल यातला आदर्श पुरुष होता असे मात्र म्हणता येणार नाही. दगडांच्या नादात त्याची प्रॅक्टिस खालावली, १८३८ साली संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला, आणि १८३९ साली पत्नी घर सोडून गेली. १८४१ साली गाडीच्या अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. उरलेली वर्षे असह्य वेदनांत आणि अफूच्या आधाराने गेली, आणि १८५२ साली अफूच्या जादा मात्रेनेच तो गेला. कोणी म्हणेल, बायकोपोरांकडे दुर्लक्ष केले त्याचे फळ मिळाले. पण त्याचा वाकडा झालेला कणा सर्जनांच्या कॉलेजने अभ्यासासाठी जपून ठेवला होता, आणि त्यात दिसत होती ती मणक्यांची विकृती. त्याच्या संसाराचा हिशेब त्या मणक्यांत कुठे लिहिलेला नव्हता.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. दुःख आणि पाप यांची गाठ सोडली तर अन्यायाला धाक कसला उरेल? जुलमी माणूस सुखाने मरतो आणि साधा माणूस हाल होऊन मरतो, एवढेच सत्य असेल तर चांगले का वागावे? मला यात शिक्षेची भूक आणि न्यायाची भूक यांची गल्लत दिसते. १८२६ साली ससेक्समधल्या एका बाईला नवऱ्याला सोमल घालून मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. गावाला खात्री होती, नवरा मेला होता, आणि बाई कोर्टापुढे उभी होती. मँटेलने त्या खटल्यातला वैद्यकीय पुरावा तपासला. सोमल असल्याचे ज्या परीक्षांवरून ठरवले त्या तेवढ्याने सिद्ध होत नाहीत, दुसऱ्या पदार्थांनीही तशीच लक्षणे आणि तसेच रंग येऊ शकतात, हे त्याने दाखवले आणि पुढच्या वर्षी त्यावर पुस्तिकाही काढली. बाई फाशीपासून वाचली. मृत्यू घडला एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, आणि गुन्हा कोणी केला हे तर मुळीच सिद्ध होत नाही, हे तत्त्व आपण माणसाच्या कोर्टात मान्य करतो. देवाच्या नावाने चालणाऱ्या कोर्टात, म्हणजे रोग्याच्या खाटेभोवती आणि पूर-भूकंपानंतरच्या बोलण्यात, त्यापेक्षा हलका पुरावा आपण का चालवून घ्यावा? जुलमी माणसाचा हिशेब मागायचा तर तो त्याच्या कृत्यांवरून, साक्षी-पुराव्याने आणि जिवंतपणी मागितला पाहिजे. ते काम कर्करोग, कुष्ठ आणि भूकंप यांच्यावर सोपवून मोकळे होणे ही न्यायाची टाळाटाळ आहे, आणि त्या सोपवण्यात बळी जातो तो बहुतेक वेळा भलताच.